घरी आता आम्ही दोघंच

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणजे आमचं वेरूळच बंद असतं. रविवारी इथं पाय ठेवायला जागा नसते आणि मंगळवारी भर रस्त्यात कुत्री आडवी झोपतात. मी राजकुमार साळवे, तीस वर्षं गाईड. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि दोन तास निभावून नेईल एवढं जपानी. मंगळवारी ऐकायला कुणी नसतं, मग मी बायकोला ऐकवतो. आज छबू म्हणाली, "सहा दिवस लोकायपुढं बोलता, सातव्या दिवशी माझं डोकं खाता. त्याच्यापरीस लिहीत बसा." म्हणून ही दैनंदिनी.

लिहून काढावी अशी काळजी एकच आहे. आकाशचं लग्न. एकुलता एक पोरगा, बत्तिसाव्या वर्षात पाऊल टाकलंय. पुण्यात चांगल्या कंपनीत होता. तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं मी संभाजीनगरला दवाखान्यात पडलो आणि नेमकी त्याच महिन्यात याची नोकरी गेली. कंपनीनं माणसं कमी केली म्हणाला. एकेक योगायोग असतो माणसाच्या नशिबी. तेव्हापासून घरीच आहे. वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, जुनी गाडी घेतलीय तिच्यातून स्टेशनवरून माणसं आणतो, गाईडच्या यादीत नाव घातलंय, आणि राहिलेल्या वेळात पाण्याची बाटली घेऊन माझ्या मागं लेणी हिंडतो. माझ्यामागं काय फिरतोस, स्वतःचे पर्यटक धर, म्हटलं तर नुसता हसतो.

पुण्याहून अजून कुणाकुणाचे फोन येतात. "नाही सर, सध्या नाही जमणार," म्हणून ठेवून देतो. कोण होतं विचारलं तर म्हणतो, क्रेडिट कार्डवाले. शहरात टिकायला जी धमक लागते ती याच्यात नाही. बापानं हे दैनंदिनीत लिहिलं तर चालावं.

१७ नोव्हेंबर, रविवार

पाचोडचं स्थळ फिरलं. मुलीचा निरोप आला, "वेरूळला सहलीला येईन, नांदायला येणार नाही." पोरगी तोंडानं फटकळ आहे, पण वाक्य झकास. मी मनात टिपून ठेवलं, कधीतरी कामाला येईल.

दोष एकट्या आकाशचा नाही. गावातल्या पोरी बारावी झाल्या की शहरात जातात आणि तिथूनच पुण्या-मुंबईला उजवल्या जातात. बाहेरच्या पोरी इथं यायला तयार नाहीत. गाईड, हॉटेलवाला, मूर्ती विकणारा, फोटो काढणारा, अशा पोरांना कोण मुलगी देणार? बद्रीनाथ आणि मी चहाच्या टपरीवर बसून मोजलं, तिशी उलटलेली बिनलग्नाची सव्वीस पोरं निघाली. पर्यटकांना मी चाळीस सांगतो. सव्वीस ऐकून कुणी थबकत नाही, चाळीस म्हटलं की बायामाणसं "अरेरे" म्हणतात.

बद्रीवरून आठवलं. आम्हा गाईड लोकांच्या पाळ्या बद्री लावतो. दोस्त कसला, गेली तीन वर्षं वरच्या जैन लेण्यांची लांब फेरी मला देतच नाही. माझी पाळी आली की आकाशच्या नावावर टाकतो. तरण्या पोरांचं भलं करायचं तर करा, पण म्हाताऱ्या दोस्ताच्या पोटावर पाय कशाला?

८ डिसेंबर, रविवार

आज नाशिकचा अभय नावाचा एक तरुण कॅमेरा घेऊन आला होता. गावोगाव फिरून माणसांचे व्हिडिओ करतो. मी त्याला दहा नंबरच्या लेण्यात नेलं. आम्ही त्याला सुतार लेणं म्हणतो. छत दगडाचं, पण लाकडी वासे टाकल्यासारखं कोरलेलं. तिथं मी बुद्धाच्या मूर्तीपुढं उभा राहून त्रिसरण म्हणतो, बुद्धं सरणं गच्छामि, आणि आवाज सगळ्या लेण्यात घुमत राहतो. परदेशी माणसंसुद्धा डोळे मिटून घेतात.

आवाज विरला की मी माझं ठेवणीतलं सांगतो. "ह्या लेण्यात आवाज राहतो, साहेब. गावात माणूस राहत नाही. माझा एकुलता एक पोरगा पुण्याला गेला तो गेला. फोनसुद्धा करत नाही. घरी आता आम्ही दोघंच, म्हातारा आणि म्हातारी." आणि गप्प राहायचं. ते गप्प राहणं महत्त्वाचं.

खरं म्हणजे ही गोष्ट बद्रीची आहे. त्याची दोन्ही पोरं पुण्याला आहेत, दिवाळीलाही येत नाहीत. पण बद्रीला सांगता येत नाही. तो "पोरं गेली" म्हणतो आणि तंबाखू मळायला लागतो. मी गेल्या वर्षी ती उचलली, तिला आकार दिला. बद्री एकदा म्हणाला होता, "राज्या, माझं रडगाणं तू गा, माझं काही जात नाय. पण घरात बसलेल्या पोराला असं घालवू नये रे." बद्री जुन्या वळणाचा माणूस. त्याला कला कळत नाही.

अभयचे डोळे भरून आले होते. आकाश खाली गाडीत आमची वाट बघत होता, अभयला त्यानंच परत स्टेशनवर सोडलं. हा माझा भाचा म्हणून मी ओळख करून दिली. आकाशनं अभयची बॅग उचलून गाडीत ठेवली.

२२ डिसेंबर, रविवार

छबूचा भाऊ अप्पाराव मुकुंदवाडीहून आला, स्थळ घेऊन. प्रेरणा पगारे, वैजापूरची. आपल्या खुलताबाद तालुक्यातच शाळेत शिक्षिका आहे. वडील नानासाहेब मार्केट यार्डात मुनीम होते, आता घरी असतात. मुलीची अट ऐकून छबूनं दोनदा विचारलं. पुण्याचा मुलगा नको. शाळेजवळ राहणारा, आईबापाला धरून असणारा हवा.

"असं कुठं असतंय व्हय?" छबू म्हणाली.

"असतंय ताई. लई डोळस पोरगी हाय," अप्पाराव म्हणाला.

आकाशनं फोटो बघितला आणि खोलीत निघून गेला. थोड्या वेळानं आईला हाक मारून पुन्हा मागितला.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

पाहुणे घर बघून गेले. छबूनं पुरणपोळी केली होती. मला तर कधी एकदा त्यांना कैलास लेणं दाखवतो असं झालं होतं, पण नेमका मंगळवार. छबू म्हणते, बरं झालं बंद होतं, नाहीतर लग्नाचं राहिलं असतं बाजूला.

प्रेरणा सावळी, उंच, बोलायला सरळ. तिनं सगळ्यांसमोरच आकाशला विचारलं, "पुढंही इथंच राहणार का? की लग्न झालं की पुणं?"

आकाश म्हणाला, "अण्णा-आई आहेत तोवर इथंच. मला इथं आवडतं पण."

नानासाहेबांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "साळवे, आजकाल असं बोलणारं पोर कुठं मिळतंय?" मलाही बरं वाटलं. वेळेला नेमकं वाक्य टाकणं पोरगा बापाकडूनच शिकला असणार. जाताना प्रेरणा वरच्या खोल्या बघायला गेली आणि दोघं गच्चीवर बराच वेळ बोलत उभी होती. छबू स्वयंपाकघरातून सारखी वर बघत होती. फेब्रुवारीत साखरपुडा करू म्हणून नानासाहेब गेले.

आकाश संध्याकाळी गाडी धूत होता आणि शीळ घालत होता. कितीतरी वर्षांनी ऐकली त्याची शीळ.

२६ जानेवारी, रविवार

अभयनं व्हिडिओ टाकला आणि मी गाजलो! लाखो लोकांनी बघितलाय म्हणे. आज तीन कुटुंबं नुसती मला शोधत आली. "काका, व्हिडिओतले तुम्हीच ना?" बायका हात हातात घेतात. एक आजी तर मला डबा देऊन गेली, घरी दोघंच असता, करून खात नसाल म्हणून. मेथीचे पराठे होते. आम्ही तिघांनी खाल्ले.

त्या व्हिडिओत मी गावात साठ पोरं बिनलग्नाची आहेत असं म्हटलंय. छबूनं विचारलं, "दिवाळीत चाळीस होती ना? बिनलग्नाच्या पोरायला पोरं झाली काय?"

आकाशला दाखवावा म्हटलं तर तो म्हणाला, "बघितला अण्णा." चांगला झालाय का विचारलं. "आवाज चांगला आलाय," म्हणाला.

२ फेब्रुवारी, रविवार

अप्पारावचा फोन. साखरपुडा होणार नाही.

नानासाहेबांच्या जावयानं त्यांना तो व्हिडिओ दाखवला. बाप कॅमेऱ्यासमोर सांगतोय, एकुलता एक पोरगा पुण्याला गेला, फोनही करत नाही. आणि इकडं आम्ही सांगितलं, मुलगा घरीच असतो, आईबापाला सांभाळतो. मग खोटं कोणतं? "दाजी, मी काय तोंडानं सांगू त्यायला?" अप्पाराव म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याशी तो कधी असं बोललेला नाही.

मी म्हटलं, यात काय एवढं, मी स्वतः जाऊन समजावतो. बोलणं हाच तर माझा धंदा आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वैजापूरला जाऊन आलो. नानासाहेबांनी पाणी दिलं, चहा दिला, मान दिला. मी सगळं सविस्तर सांगितलं. पर्यटकांना गोष्ट लागते, गोष्ट थोडी रंगवावी लागते, मुळात ती गोष्ट बद्रीची आहे. चांगला अर्धा तास बोललो. मला वाटतं इतकं चांगलं मी कधी बोललो नसेन. शेवटी माझे डोळेही भरून आले, आणि ते अश्रू खरे होते.

नानासाहेब म्हणाले, "तुम्ही लई छान बोलता, साळवे. व्हिडिओतबी असंच छान बोलले होते. तिथंबी डोळ्यात पाणी होतं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पोरगा तुमच्याजवळ राहतो म्हणता, ते मी खरं धरतो. मग जो बाप जवळच्या पोराला चार पैशासाठी नाय म्हणतो, तो उद्या माझ्या पोरीबद्दल काय सांगेल लोकायला?"

प्रेरणा दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी मागं त्यांना विचारलं होतं, वडील तुमच्यावर खूश आहेत ना. ते म्हणाले, व्हय, बोलून दाखवत नाहीत इतकंच." मग आत गेली. तिचा चेहरा रडून सुजलेला होता, हे मी येताना बसमध्ये आठवत राहिलो. माझ्या व्हिडिओचं नव्हे, तिच्याच घरच्यांनी दिलेल्या नकाराचं तिला रडू आलं होतं. म्हणजे तिला आकाश आवडला होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

आकाशशी बोललो. तो वरच्या खोलीतल्या चादरी बदलत होता. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. म्हटलं, पोरा, झालं ते झालं, दुसरं स्थळ बघू, व्हिडिओ काढून टाकायला सांगतो त्या अभयला.

"राहू द्या. लोकांना आवडलाय."

"तू रागावलास का?"

त्यानं उशीला अभ्रा घातला, नीट कोपरे बसवले. "अण्णा, मी फोन करत नाय असं तुम्ही सांगता. फोन करायला आधी लांब जावं लागतं."

मी हसलो. मला वाटलं गंमत करतोय. तो हसला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आकाश आज पुण्याला गेला. जुन्या कंपनीतल्या साहेबांचा फोन पुन्हा आला होता, या वेळी हो म्हणाला. म्हणजे क्रेडिट कार्डवाले नव्हते ते.

निघताना त्यानं मला गोळ्यांचा डबा दाखवला, सकाळच्या कोणत्या, रात्रीच्या कोणत्या. मला वाटायचं छबू भरते तो डबा. गाडी विकून टाकली. छबूनं त्याच्या पिशवीत लोणचं कोंबलं, त्यानं काढून ठेवलं, तिनं पुन्हा कोंबलं. मी स्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून म्हणाला, "अण्णा, चढावर थांबत थांबत जा." पाया पडला नाही, विसरला असेल. बस वळेपर्यंत मी हात वर धरून उभा होतो. एरवी हात हलवून निरोप देणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे, आज तो कसा हलवतात तेच कळेना.

१० मार्च, सोमवार

मार्चात दोन-तीन दिवस मावळतीचं ऊन सुतार लेण्याच्या झरोक्यातून थेट बुद्धाच्या चेहऱ्यावर येतं. दरवर्षी गर्दी होते. आज मी तिथं पोचलोच नाही. आकाश गेल्यापासून वरच्या जैन लेण्यांची फेरी माझ्या वाट्याला येऊ लागलीय. उन्हं कलताना वर गेलो आणि अर्ध्या चढावर छाती भरून आली. कठड्यावर बसलो, पर्यटकांना म्हटलं, इथून देखावा बघा. देखावा काही नव्हता. पार्किंग होतं.

बद्री धावत वर आला. पाणी पाजलं. मी चिडून म्हणालो, तीन वर्षं मागत होतो तेव्हा दिली नाहीस ही फेरी, आता मारायला देतोस का?

बद्रीनं तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, "मी कुठं अडवली रे? आकाश यायचा माझ्याकडं. काका, अण्णायची वरची पाळी माझ्या नावावर टाका, पण त्यायला सांगू नका, त्यायला वाईट वाटंल. आता तो नाय तर कोणाच्या नावावर टाकू?"

आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. खाली सुतार लेण्यापाशी माणसांचा गलका उठला, म्हणजे ऊन चेहऱ्यावर आलं असणार.

घरी येऊन छबूला विचारलं, "त्या वर्षी आकाशला कंपनीनं खरंच काढलं होतं का?"

तिच्या हातात भाकरी होती. "तुम्हाला आत्ता विचारावं वाटलं व्हय?" म्हणाली आणि तव्याकडं वळली.

शहरात टिकायची धमक नसलेला पोरगा, असं मी याच दैनंदिनीत लिहिलंय. ते पान उघडून बसलोय. खोडावंसं वाटतं, पण खोडून काय होणार?

१३ मे, मंगळवार

काल बुद्धपौर्णिमा झाली. विहारात खीर होती. आकाशचा फोन आला. दर रविवारी येतो, कालही आला. गोळ्या घेतल्या का, वरच्या खोलीचा नळ गळतो का, आई कशी आहे. मी एरवी इतका बोलतो, पण फोनवर "व्हय, व्हय" याच्यापुढं गाडी जात नाही. त्याला सांगायचं असतं की परत ये. ते सोडून मी त्याला पुण्यात पाऊस आहे का विचारतो.

प्रेरणाचं नगरला ठरलं, असं अप्पाराव सांगत होता. आकाशला सांगायचं नाही असं छबूनं बजावलंय. त्याला आधीच माहीत असणार.

१० ऑगस्ट, रविवार

श्रावणातला रविवार. घृष्णेश्वराच्या दर्शनाला आलेली माणसं लेण्यांतही लोटली होती. माझ्या वाट्याला सोलापूरचं एक कुटुंब, आई, मुलगी, जावई. सुतार लेण्यात गेलो, त्रिसरण म्हटलं, आवाज घुमला, विरला.

मुलगी मोबाइल काढून उभी होती. "काका, मी लगेच ओळखलं तुम्हाला. आता ते म्हणा ना. घरी आता आम्ही दोघंच. मी रेकॉर्ड करते."

त्या व्हिडिओत मी म्हटलेलं सगळं आता खरं झालंय. शब्द बदलायचीही गरज नाही. फोन करत नाही एवढंच खोटं आहे. तोंड उघडलं, वाक्य जिभेवर होतं, सवय जुनी. बद्री दुसरे पर्यटक घेऊन दाराशी उभा होता, तो माझ्याकडं बघत होता.

मी म्हणालो, "ते जरा रंगवून सांगितलं होतं, ताई. पोरगा इथंच असतो माझा. लई जीव लावतो. आत्ता खाली गाडी लावायला गेलाय."

मुलीनं मोबाइल खाली केला. थोडी हिरमुसली, मग हसली. "बरं झालं काका. मी तर रडले होते ते बघून." तिची आई म्हणाली, "मग जाताना गाठ घालून द्या की. असं लेकरू बघायला पाहिजे."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पुढची सगळी लेणी मी काय सांगितली मला आठवत नाही. कैलासात तर राजाचं नाव सांगायचंही विसरलो. फाटकाशी आलो. बाई इकडंतिकडं बघत उभी राहिली. "कुठाय मुलगा?"

माझ्याकडं सांगायला काहीच नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मागून बद्रीचा आवाज आला. "आकाश व्हय? आत्ताच घरी गेला जेवायला. वाट बघून गेला बिचारा." मग माझ्याकडं वळून, अगदी सहज, "राज्या, म्हणला, अण्णायला सांगा, लवकर या."

बाईनं समाधानानं मान डोलावली आणि ते गेले. बद्री तंबाखूची पुडी काढत पुढच्या पर्यटकांकडं गेला. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

एक फेरी बाकी होती, ती सोडून घरी आलो. छबू दाण्याच्या शेंगा निवडत बसली होती.

"आज लवकर आलात?"

"आकाश म्हणला होता, लवकर या," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून उठली आणि ताट वाढायला घेतलं.